गेट उघडेना? 'बोर्ड गेला' म्हणण्याआधी हे तपासा

बेळगाव : वळिवाचा पहिला गडगडाट झाला, रात्री दोन-चार वेळा करंट ये-जा झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी गेट दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे फोन वाजू लागतात. टिळकवाडी, हिंदवाडी, सदाशिवनगरचे बंगले असोत, अपार्टमेंट असोत की उद्यमबागेतले कारखाने, रिमोटवर उघडणारे गेट आता नवलाईचे राहिलेले नाही. मात्र ते बंद पडले की घरातली सगळी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहतात. घरात कुणी आजारी असेल, रुग्णवाहिका दारात आली असेल आणि गेट जागचे हलत नसेल, तर तो नुसता बिघाड राहत नाही.

गेट अडकल्यावर बहुतेक वेळा पहिले वाक्य ऐकू येते ते 'बोर्ड गेला'. बोर्ड म्हणजे मोटर चालवणारे नियंत्रणाचे सर्किट. तो जातो हे खरे, पण दर वेळी नाही. कधी काचेचा छोटा फ्यूज उडालेला असतो, कधी रिमोटचा सेल संपलेला असतो, तर कधी फोटो सेन्सरवर कोळ्याने जाळे विणलेले असते. बोर्ड बदलायचा खर्च हजारांत जातो आणि बिघाड दुसरीकडेच असेल तर नवा बोर्डही चार दिवसांत उडतो. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा. स्वस्तापासून महागाकडे आणि बाहेरून आत, हा तो क्रम.

सगळ्यात आधी किल्ली

प्रत्येक गेट मोटरला हाताने सोडवण्याची सोय असते. कुठे किल्ली, कुठे खटका, कुठे छोटी मूठ. ती फिरवली की मोटर आणि गेट यांचा संबंध सुटतो आणि गेट हाताने ढकलता येते. ही किल्ली कुठे ठेवली आहे आणि ती कशी फिरवायची, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आणि वॉचमनला ठाऊक असले पाहिजे. गेट उतारावर असेल तर मोटर सोडताच ते आपोआप घरंगळू शकते. अशा ठिकाणी गेटसमोर उभे न राहता, बाजूला राहूनच किल्ली फिरवावी.

किल्लीने आणखी एक काम होते. मोटर सोडवून गेट हाताने ढकलून पाहावे. लहान मुलाच्या जोरानेही सरकले तर ठीक. मोठ्या माणसाला दम लागत असेल, तर दोष विजेचा नाही. रुळात खडी बसली असेल, चाकाचा बेअरिंग गेला असेल, बिजागरी झिजली असेल. अशा गेटला नवा बोर्ड घातला तरी तो पुन्हा जळणारच.

हात घालण्याआधी

गेटच्या डब्याचे झाकण उघडण्यापूर्वी घरातला एमसीबी खाली पाडावा. एवढ्याने काम भागत नाही. बॅकअप बॅटरी असेल तर तिचीही वायर काढावी, कारण करंट नसतानाही बॅटरीवर गेट अचानक चालू होऊ शकते. 230 व्होल्टच्या मोटरला कपॅसिटर असतो. वीज बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहतो, त्याच्या टोकांना बोट लावू नये. पावसात, ओल्या जमिनीवर, अनवाणी उभे राहून डबा उघडणे तर अजिबात नको.

रिमोट, सेन्सरची काच, फ्यूज, बॅटरी एवढे घरच्या जाणत्या माणसाने बघायला हरकत नाही. 230 व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमनकडे सोपवावी.

डब्यात असते काय

घरातून 230 व्होल्टची लाईन गेटपर्यंत येते. काही मोटरी थेट 230 वर चालतात. आजकालच्या बऱ्याच मोटरी 24 व्होल्ट डीसीच्या असतात. त्यांच्यासाठी मध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, सोबत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. बोर्डाला चार ठिकाणांहून निरोप येतात. रिमोटकडून, भिंतीवरच्या बटणाकडून, फोटो सेन्सरकडून आणि गेट कुठवर आले ते सांगणाऱ्या लिमिट स्विचकडून. यातला एक निरोप चुकला की बोर्ड गेट थांबवतो. म्हणजे बऱ्याचदा बोर्ड बिघडलेला नसतो, तो आपले काम नीट करत असतो.

बोर्डावर दिवाच नाही

गेट हलत नाही आणि बोर्डावरचा छोटा दिवाही पेटत नाही, तर करंट बोर्डापर्यंत पोचत नाही असे समजावे. शेजाऱ्यांकडे लाईट आहे का, एमसीबी पडला आहे का, आधी एवढे पाहावे. सगळ्या गल्लीतच करंट नसेल तर हेस्कॉमच्या 1912 क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पलीकडे महाराष्ट्रात महावितरणचाही हाच क्रमांक आहे.

इथे एक चूक हमखास होते. टेस्टर लावला, तो पेटला, म्हणजे करंट आहे, असे धरून पुढे जातात. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटला असेल तरी टेस्टर पेटतोच, आणि मोटर मात्र ढिम्म हलत नाही. म्हणून मल्टिमीटर एसीवर ठेवून फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये मोजावे. 207 ते 253 व्होल्टच्या दरम्यान आकडा आला तर पुरवठा ठीक. फेज आणि अर्थिंगमध्ये 230 येतात पण फेज आणि न्यूट्रलमध्ये काहीच येत नाही, तर न्यूट्रल कुठेतरी तुटला आहे. जमिनीखालून आलेली केबल फावड्याने तुटलेली असते, किंवा घुशीने कुरतडलेली असते.

पुरवठा बरोबर असूनही दिवा नाही, तर फ्यूज. बोर्डावर किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ काचेची छोटी नळी असते. ती काढून उजेडात धरावी. आतली तार मधोमध शांतपणे वितळली असेल तर भार थोडा जास्त झाला होता. काच आतून काळीकुट्ट किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी नवा फ्यूज घातला की तोही 'फट्' करून जाणार, आधी शॉर्ट शोधला पाहिजे. नवा फ्यूज जुन्यावर छापलेल्या अँपिअरचाच हवा. फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे पाच-दहा रुपये वाचवून बोर्ड आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही पणाला लावणे.

दिवा आहे, पण गेट ऐकत नाही

आता भिंतीवरचे बटण दाबून पाहावे. बटणाने चालते आणि रिमोटने नाही, तर दोष रिमोटच्या बाजूला. रिमोटचा दिवा मंद झाला असेल किंवा अगदी गेटजवळ गेल्यावरच गेट उघडत असेल, तर सेल बदलावा. काही रिमोटमध्ये 12 व्होल्टचा बारका लांबट सेल असतो, काहींत 3 व्होल्टचा चपटा, नाण्यासारखा. नव्या सेलनेही पल्ला वाढला नाही तर बोर्डाची अँटेनाची वायर पाहावी. ती तुटलेली किंवा लोखंडी डब्याला चिकटलेली असते. गेटच्या खांबावर नुकताच स्वस्तातला एलईडी दिवा बसवला असेल तर तो बंद करून बघावे. अशा काही दिव्यांच्या सर्किटमुळे रिमोटच्या लहरींत गोंधळ होतो. दिवसा चालणारा रिमोट रात्री दिवे लागल्यावर चालत नाही, तेव्हा हे कारण असू शकते.

रिमोट हरवला असेल तर नुसता नवा रिमोट शिकवून थांबू नये. बोर्डाच्या आठवणीतून जुना रिमोट पुसून घ्यावा. नाहीतर हरवलेली किल्ली दुसऱ्याच्या खिशात आणि कुलूप तेच, असा प्रकार होतो.

उघडते, पण बंद होत नाही

नेहमीची तक्रार ही. बरीच माणसे इथे मोटरला दोष देतात आणि दोष असतो फोटो सेन्सरचा. गेटच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन छोटे डबे असतात. एकातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण निघतो, दुसरा तो पकडतो. मध्ये माणूस, जनावर, गाडी आली की किरण तुटतो आणि बोर्ड गेट बंद करत नाही. किरण सतत तुटलेला राहिला, तर गेट उघडेच राहते.

आधी काच पुसावी. कोळ्याचे जाळे, चिखलाचे शिंतोडे, वाढलेले गवत, जास्वंदीची फांदी, मुंग्यांची माती, यातले काहीही पुरते. मग दोन्ही डबे एकमेकांकडे नीट बघतात का ते पाहावे. गाडीचा धक्का लागून एखादा डबा वाकडा झालेला असतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या सेन्सरवर संध्याकाळचे ऊन थेट पडले तरी तो आंधळा होतो. रोज ठरावीक वेळीच गेट बंद होत नसेल तर हे ध्यानात घ्यावे. दोन्ही डब्यांची जागा आपापसांत बदलली, म्हणजे पकडणारा डबा सावलीकडे नेला, की त्रास संपतो.

किरण निघतो की नाही, हे बहुतेक मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून दिसते. कॅमेरा सेन्सरकडे धरला की जांभळट ठिपका चमकतो. ठिपका नसेल तर तिथे 12 किंवा 24 व्होल्टचा पुरवठा येतो का ते मोजावे. येत नसेल तर वायर तुटली आहे.

कारागीर खात्री करण्यासाठी सेन्सरच्या दोन वायरी बोर्डावर थोडा वेळ जोडून पाहतो. गेट बंद झाले की दोष सेन्सरकडे हे नक्की होते. पण ती जोडणी तशीच ठेवून 'चाललंय की' म्हणत निघून जाणे हा गुन्हाच म्हणावा लागेल. शेकडो किलोचे गेट मग मधल्या मुलाला ओळखत नाही. आपल्या गेटचा सेन्सर जिवंत आहे का, हे महिन्यातून एकदा तपासावे. गेट बंद होत असताना बाजूला उभे राहून झाडूचा दांडा किरणात धरायचा. गेट थांबले किंवा मागे फिरले पाहिजे.

मोटर गुणगुणते, फिरत नाही

230 व्होल्टची मोटर 'हूं...' असा आवाज करते, पण फिरत नाही. किल्लीने सोडवून हाताने गेट हलके सरकते आहे, तर कपॅसिटरवर संशय घ्यावा. मोटरला सुरुवातीचा रेटा देणारा हा भाग वर्षागणिक अशक्त होतो. वायरमन तो काढून, त्यातला करंट उतरवून मायक्रोफॅरड मोजतो. छापलेल्या आकड्यापेक्षा बरेच कमी आले तर बदलायचा. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि 450 व्होल्टचा असावा. 'जास्त ताकदीचा' बसवला तर मोटर तापते.

इन्व्हर्टरच्या लाईनवर गेट जोडलेले असेल तर आणखी एक गोष्ट. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरींची असते. तिच्यावर एसी मोटर गुणगुणते, तापते आणि आयुष्य कमी करून घेते. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तरच गेट त्यावर टाकावे.

लग्नघरी किंवा हळदी-कुंकवाच्या दिवशी दर दोन मिनिटांनी गेट उघड-बंद होते आणि अचानक मोटर गप्प होते. घाबरायचे कारण नाही. एसी मोटरमध्ये उष्णता वाढली की आपोआप तोडणारा स्विच असतो. मोटर थंड झाल्यावर तो पुन्हा जोडला जातो. अशा दिवशी किल्ली फिरवून गेट उघडेच ठेवलेले बरे.

अर्ध्यावर थांबते

गेट शेवटपर्यंत जात नाही किंवा टोकाला आदळून परत फिरते, तर लिमिट स्विच पाहावा. सरकत्या गेटला दोन्ही टोकांना पत्रा किंवा चुंबक लावलेला असतो. तो सैल होऊन सरकला की बोर्डाला गेट पोचल्याचे कळतच नाही.

24 व्होल्टच्या मोटरमध्ये दुसरे कारण बारीक वायरचे असते. हिशेब करून पाहू. तांब्याच्या 1.5 चौरस मिलीमीटर वायरला किलोमीटरमागे साधारण 12 ओहम अडथळा असतो. मोटर 30 मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन 60 मीटर वायर, म्हणजे पाऊण ओहमच्या आसपास. मोटरने जोर लावताना 8 अँपिअर ओढले तर जवळपास 6 व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. मोटरला मिळाले फक्त 18. दोन पाकी गेटमध्ये बोर्डापासून लांबची बाजू मागे राहते, ती यामुळेच. तेवढ्याच अंतराला 4 चौरस मिलीमीटरची वायर वापरली तर तूट सव्वादोन व्होल्टवर येते. म्हणून ट्रान्सफॉर्मर घरात ठेवून 24 व्होल्ट लांब नेण्यापेक्षा 230 व्होल्ट गेटपर्यंत आणून ट्रान्सफॉर्मर तिथेच ठेवणे शहाणपणाचे.

करंट गेला की गेटही गेले

बॅकअप असूनही लाईट गेल्यावर गेट चालत नसेल तर बॅटरी मोजावी. 12 व्होल्टची भरलेली बॅटरी चार्जिंग काढून थोडा वेळ ठेवल्यावर 12.6 ते 12.8 दाखवते. 12 च्या खाली आली तर ती जवळजवळ रिकामी. नुसता आकडा पाहून फसू नये. मोटर चालू असताना दोन्हींचा मिळून आकडा झपकन 20-21 च्या खाली घसरला तर बॅटरी संपली समजा. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी बदलाव्यात. एक नवी आणि एक जुनी, ही जोडी टिकत नाही.

एक आकडा मात्र पाहून घाबरू नये. ट्रान्सफॉर्मरमधून आलेल्या 24 व्होल्ट एसीचे डीसी झाले की भार नसताना 30 च्या वर दिसते. तो दोष नाही.

एमसीबी पडतो, आरसीसीबी पडतो

दोन्ही स्विच सारखे दिसले तरी सांगतात वेगळे. एमसीबी पडला तर भार जास्त किंवा शॉर्ट. आरसीसीबी पडला तर करंट जमिनीकडे गळतो आहे. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअर गळतीला तुटतो, कारण त्याहून जास्त करंट माणसाच्या जिवावर बेततो.

पाऊस पडला की आरसीसीबी पडतो आणि ऊन पडले की टिकतो, तर जमिनीखालच्या केबलचा जोड किंवा गेटजवळचा डबा ओला होतो आहे. गेटची लाईन वेगळी करून पाहावी. स्विच टिकला की दोष त्याच लाईनवर. मग बोर्ड काढून केबलची मेगर तपासणी करून घ्यावी. जमिनीत केबलला जोड देऊच नये. द्यावा लागला तर पाणी न शिरणाऱ्या डब्यात द्यावा.

'सारखा पडतोय' म्हणून आरसीसीबी काढून टाकणारे वायरमनही भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवावे. लोखंडी गेट, ओली जमीन आणि गळका करंट यांची गाठ पडली तर गेटला हात लावणाऱ्याचे काय होईल हे सांगायला नको. गेटला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर लगेच एमसीबी पाडून वायरमनला बोलवावे. मोटरचे अंग आणि गेट दोन्ही अर्थिंगला जोडलेले हवेत. बिजागरीतून अर्थिंग 'आपोआप' मिळेल यावर भरवसा ठेवू नये, लवचिक वायरने वेगळी जोडणी द्यावी.

वळीव आणि वीज

बोर्ड खरोखर जातो तो मुख्यतः दोन कारणांनी. जवळपास वीज कोसळली की लांब वायरींत, अगदी सेन्सर आणि बटणाच्या वायरीतही, क्षणभर मोठा दाब तयार होतो. दुसरे, वाऱ्यात लाईनवर फांदी पडून न्यूट्रल तुटला की काही घरांत 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. बोर्डावरचा बटणासारखा गोल निळा किंवा पिवळा भाग फुटलेला दिसला तर तो व्हॅरिस्टर. दाब स्वतःवर घेऊन त्याने बोर्डाला वाचवण्याचा प्रयत्न केलेला असतो. तो आणि फ्यूज बदलून बोर्ड पुन्हा चालू होण्याची शक्यता असते, सरळ भंगारात टाकू नये.

एमसीबी विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही, त्याचा वेग त्याला पुरत नाही. त्यासाठी घरातल्या मुख्य डब्यात सर्ज प्रोटेक्टर बसवावा. तोही अर्थिंग चांगले असेल तरच काम करतो. गडगडाट सुरू झाला की गेटचा एमसीबी खाली पाडणे, हा बिनखर्ची उपाय. डब्याच्या वायरी घुसणाऱ्या भोकांना ग्रंथी किंवा सीलंट लावावे. पाल, मुंग्या आणि ओल यांनीही बोर्डावर शॉर्ट होतो.

कारागीर आला की

'बोर्ड गेला' असे सांगितले तर शांतपणे चार प्रश्न विचारावेत. बोर्डापर्यंत किती व्होल्ट आले? फ्यूज कसा दिसला? सेन्सर आणि लिमिट स्विचच्या वायरी तपासल्या का? बोर्ड कशाने गेला? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर नवा बोर्ड घालण्यात घाई नको. बदललेला जुना भाग आपल्याकडे मागून घ्यावा, बिलावर भागाचे नाव आणि हमीचा काळ लिहून घ्यावा. आणि कारागीर गाडी सुरू करण्याआधी झाडूचा दांडा पुन्हा एकदा किरणात धरून पाहावा.